लायनिंग पेपर : रंगाआधी भिंतीला लावायचे अस्तर

लायनिंग पेपर म्हणजे रंग देण्याआधी किंवा शोभेचा वॉलपेपर चिकटवण्याआधी भिंतीवर लावला जाणारा साधा, नक्षी नसलेला, पांढरट कागद. शिंपी कोटाला अस्तर लावतो, तसे हे भिंतीचे अस्तर. फरक इतकाच, की हे बाहेरच्या अंगाला लागते आणि रंग त्याच्यावर चढतो. बारीक भेगा, जुन्या रंगाचे ओरखडे, दुरुस्तीची ठिगळे असलेली भिंत त्यामुळे एकसारखी दिसू लागते. ब्रिटनमधील जुन्या घरांत ही नेहमीची पद्धत आहे. महाराष्ट्रात हेच काम बहुतेक वेळा पुट्टी करते.

या कागदाची एक मर्यादा आधीच ओळखायला हवी. तो भिंतीचे रूप सुधारतो, भिंतीचे दुखणे बरे करत नाही. ओल, सुटलेला गिलावा किंवा वाढत जाणारी भेग यांच्यावर कागद लावला, तर दोष काही काळ दिसेनासा होतो आणि मग कागदासकट बाहेर येतो. त्यामुळे या कामात कागद चिकटवण्याइतकेच महत्त्व भिंत तपासण्याला आहे.

ही पद्धत ब्रिटनमध्ये का रुजली?

ब्रिटनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काळात (१८३७ ते १९०१) बांधलेली लाखो घरे आजही वापरात आहेत. त्यांतील बरीच ‘टेरेस्ड’ घरे आहेत. इथे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, तर भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरांची रांग. या घरांच्या आतल्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असतो. अनेक आतल्या भिंती आणि छते तर विटांचीही नसतात. लाकडाच्या अरुंद पट्ट्या थोडी थोडी फट ठेवून ठोकायच्या आणि त्यांवर जनावरांचे केस मिसळलेला चुना दाबून बसवायचा, अशी ती रचना. फटींतून मागे गेलेला चुना तिथे आकड्यासारखा अडकतो आणि सगळा गिलावा त्याच्या आधारावर राहतो.

शंभर-सव्वाशे वर्षांत अशा भिंतीवर रंगाचे आणि कागदाचे अनेक थर चढतात, तारा टाकण्यासाठी ती फोडली जाते, पुन्हा भरली जाते. ती सरळ, गुळगुळीत राहणे शक्य नसते. सगळा गिलावा पाडून नवा करायचा तर धूळ, खर्च आणि वाळण्यासाठी लागणारे दिवस किंवा आठवडे, असा व्याप होतो. शिवाय जुना, धरून असलेला गिलावा विनाकारण जातो. कागदाचे अस्तर हा यातला मधला मार्ग ठरला.

भिंतीला कागद लावण्याची सवय तिथे त्याहून जुनी आहे. वॉलपेपर इतका चालत असे, की १७१२ मध्ये सरकारने त्यावर कर बसवला आणि तो १८३६ पर्यंत राहिला. तेव्हा कागद एकेक ताव करून हाताने बनत असे आणि ताव एकमेकांना चिकटवून लांब पट्टी तयार करावी लागे. १७९९ मध्ये फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर यांना सलग कागद बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. पुढे इंग्लंडमध्ये फोरड्रिनियर बंधूंनी पैसा घालून हे यंत्र कामाला लावले. त्यानंतर गुंडाळीतला लांब कागद स्वस्त होत गेला आणि त्याबरोबर अस्तराचा कागदही सामान्य घरांत पोहोचला.

भिंत आधी तपासावी

पहिली तपासणी उजेडाची. खोलीत अंधार करून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली, की प्रत्येक खड्डा आणि उंचवटा सावलीने दिसतो. समोरून पडणाऱ्या उजेडात हे दोष लपतात. रंग झाल्यावर संध्याकाळचे तिरपे ऊन आले, की तेच उठून दिसतात.

दुसरी तपासणी आवाजाची. बोटाच्या पेराने भिंत ठोकत जावे. घट्ट गिलाव्याचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ. पट्ट्यांवरच्या गिलाव्याचा आवाज मुळातच थोडा वेगळा असतो, म्हणून तिथे हाताने हलके दाबूनही पाहावे. गिलावा आत-बाहेर हलत असेल, तर मागचे आकडे तुटले आहेत. ओला कागद वाळताना आकसतो आणि ओढ देतो. सुटलेला गिलावा त्याने आणखी सुटू शकतो. असा भाग आधी काढून भरून घ्यावा लागतो. छताच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे, कारण तो तुकडा माणसाच्या डोक्यावर पडतो.

तिसरी तपासणी ओलीची. जमिनीलगत साधारण मीटरभर उंचीपर्यंत डाग असेल तर जमिनीतून ओल चढत असण्याची शक्यता असते. वरच्या कोपऱ्यातला डाग बहुधा पन्हळ किंवा छपराची गळती सांगतो. कपाटामागची काळी बुरशी अनेकदा थंड भिंतीवर साचलेल्या घरातल्याच वाफेची असते. शंका असल्यास ॲल्युमिनियमच्या फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. पाणी फॉइलच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला जमले तर ते हवेतले बाष्प आहे. दोन्हींवर उपाय वेगळे, पण कारण दूर झाल्याशिवाय आणि भिंत वाळल्याशिवाय कागद लावण्यात अर्थ नाही. ओल्या भिंतीवरचा कागद आणि खळ हे बुरशीचे खाद्यच असते.

चौथी तपासणी भेगांची. केसासारख्या आणि एखाद्या मिलिमीटरच्या जुन्या, स्थिर भेगा भरून त्यावर कागद चालतो. मात्र ५ मिलिमीटरहून रुंद, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली किंवा भरल्यावर पुन्हा उघडणारी भेग ही रंगाऱ्याची बाब नाही, इंजिनिअरला दाखवण्याची बाब आहे. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली, की काही महिन्यांत ती पुढे सरकते का ते कळते.

घासण्याआधीचा धोका

जुनी भिंत कोरडी घासणे किंवा खरवडणे हे या कामातले सर्वांत धोक्याचे पाऊल आहे. जुन्या घरांतील तेलरंगांत, विशेषतः दारे-खिडक्यांच्या, शिसे असू शकते. त्याची धूळ श्वासातून किंवा हाताला लागून पोटात गेली, तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला इजा होते. गर्भवतींनाही ती घातक आहे. ब्रिटनमध्ये १९९२ पासून शिसेयुक्त रंगांच्या सर्वसाधारण विक्रीवर बंदी आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशासाठी दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे पुण्यातल्या वाड्याचे किंवा मुंबईतल्या चाळीचे जुने दार घासतानाही हीच काळजी घ्यावी. रंगाची शिसे-तपासणी करून घ्यावी. शिसे निघाल्यास किंवा शंका असल्यास कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे, योग्य मास्क वापरावा आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवावे.

ब्रिटनमध्ये दुसरा धोका ॲस्बेस्टॉसचा. तिथल्या अनेक छतांवर आणि भिंतींवर खरखरीत नक्षीचा जाड लेप दिलेला असतो. देशात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या लेपात ते असू शकते. असा लेप तपासून घेतल्याशिवाय खरवडू किंवा घासू नये.

कोणता कागद आणि किती?

ब्रिटनमध्ये हा कागद आकड्यांनी ओळखला जातो : ८००, १०००, १२००, १४००, १७००, २०००. आकडा वाढेल तसा कागद जाड. बऱ्या भिंतीला पातळ कागद पुरतो, किरकोळ दोष असतील तर बहुतेक जण १४०० घेतात, अधिक खराब भिंतीला १७०० किंवा २००० लागतो. जाड कागद दोष जास्त झाकतो, पण तो जड असतो, जास्त खळ पितो आणि कोपऱ्यात वळवायला अवघड जातो. कोणत्याही जाडीचा कागद खोल खड्डा झाकत नाही. खड्डा आधी भरावाच लागतो.

गुंडाळीची रुंदी साधारण ५६ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे १० मीटर असते. २० मीटरची दुप्पट गुंडाळीही मिळते. हिशेब सोपा आहे. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच खोली घेतली, तर चारही भिंतींची लांबी मिळून १४ मीटर होते. तिला ५६ सेंटिमीटरने भागले की २५ पट्ट्या लागतात. वर-खाली कापण्यासाठी पाच-पाच सेंटिमीटर धरून एक पट्टी २.५ मीटरची. म्हणजे १० मीटरच्या गुंडाळीतून चार पट्ट्या आणि खोलीला सात गुंडाळ्या. दार-खिडक्यांची जागा यातून वजा न करता ती मोडतोडीसाठी राखून ठेवणे सोयीचे पडते.

भिंतीची तयारी

जुना वॉलपेपर पूर्ण काढावा. सुटे पोपडे खरवडून खड्डे आणि भेगा भराव्यात आणि वाळल्यावर सपाट कराव्यात. चकचकीत तेलरंगावर खळ धरत नाही, म्हणून वर सांगितलेली काळजी घेऊन त्याची चकाकी घासून मारावी. भिंतीवर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर ती जुन्या चुन्याची किंवा डिस्टेंपरची असते. ती धुऊन काढावी आणि भुकटी धरून ठेवणारा प्रायमर द्यावा. नाहीतर कागद भिंतीला नव्हे, भुकटीला चिकटतो.

कोरा गिलावा पाणी झपाट्याने शोषतो. त्यावर खळ लावलेला कागद टेकवला, की तो तिथेच धरतो आणि सरकवता येत नाही. यासाठी भिंतीला आधी पातळ खळीचा हात देऊन वाळू देतात. नवा गिलावा असेल, तर तो पूर्ण वाळेपर्यंत थांबावे.

कागद कसा लावतात?

लागणारी हत्यारे थोडी आहेत : लांब टेबल, खळ लावायचा ब्रश, कागद सपाट करायचा रुंद ब्रश, कात्री, धारदार सुरी, सांध्यांवर फिरवायचा छोटा रोलर आणि ओळंबा. जुन्या घरात कोपरा किंवा दाराची चौकट सरळ आहे असे गृहीत धरता येत नाही. पहिली पट्टी त्यांच्या आधाराने लावली, तर तिचा कल पुढच्या प्रत्येक पट्टीत उतरतो. म्हणून ओळंबा सोडून भिंतीवर उभी रेघ मारतात आणि पहिली पट्टी त्या रेघेला लावतात. सुरुवात बहुधा खिडकीजवळून करून उजेडापासून दूर जात काम करतात. त्यामुळे सांध्याची सावली कमी दिसते.

पट्ट्या आडव्या लावाव्यात की उभ्या, हा नेहमीचा प्रश्न. वर नक्षीचा वॉलपेपर येणार असेल तर अस्तर आडवे लावण्याची रीत आहे, म्हणजे दोन थरांचे सांधे एकावर एक येत नाहीत. थेट रंगच द्यायचा असेल तर उभे लावणे एकट्या माणसाला सोपे जाते.

खळ कागदाच्या पाठीला मधून कडांकडे एकसारखी लावावी. एकही कोरडी जागा राहू देऊ नये, तिथेच पुढे फुगा येतो. मग कागदाच्या, खळ लावलेल्या बाजू आत राहतील अशा, सैल घड्या घालून तो भिजू द्यावा. किती वेळ, ते वेष्टनावर दिलेले असते. साधारण पाच ते दहा मिनिटे. महत्त्वाचे हे, की प्रत्येक पट्टीला तितकाच वेळ मिळावा. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी लांबीच्या दिशेने पडलेले असतात. भिजल्यावर ते जाडीने फुगतात, त्यामुळे कागद मुख्यतः रुंदीत वाढतो आणि वाळताना तितकाच आकसतो. अर्धवट भिजलेली पट्टी भिंतीवर गेल्यावर वाढत राहते आणि तिला फुगे येतात. कमी-जास्त भिजलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या आकसतात आणि सांधे उघडतात.

पट्टी वरून टेकवून रुंद ब्रशने मधून कडांकडे हवा काढत खाली यावे. दुसरी पट्टी पहिलीच्या कडेला कड लावून बसवावी, तिच्यावर चढवू नये. चढवलेला सांधा रंगाखाली उभ्या शिरेसारखा दिसतो. केसभर फट राहिली तर चालते, ती नंतर भरता येते. आतल्या कोपऱ्यात पूर्ण पट्टी वळवू नये. एक-दोन सेंटिमीटर कागद पलीकडच्या भिंतीवर नेऊन कापावा आणि नव्या भिंतीवर पुन्हा ओळंबा धरून सुरुवात करावी. पृष्ठभागावर सांडलेली खळ ओल्या स्पंजने लगेच पुसावी. तिथे ती वाळली, तर वरच्या रंगाला जाळीसारख्या चिरा पडतात.

स्विच आणि प्लगजवळ काम करण्याआधी त्या खोलीची वीज मुख्य बोर्डावरून बंद करावी. ओला कागद, पाण्याची खळ, हातात धातूची सुरी आणि चालू वीज एकत्र येता कामा नये.

वाळवणे आणि रंग

कागद किमान २४ तास वाळू द्यावा. थंडी किंवा दमट हवा असेल तर आणखी. लवकर व्हावे म्हणून हीटर मोठा करण्याचा मोह टाळावा. झपाट्याने वाळलेला कागद जोरात आकसतो आणि सांधे उघडतात. वाळल्यावर सांध्यांतील फटी बारीक फिलरने भरून हलक्या हाताने घासाव्यात. जास्त घासले तर कागदाचा लव उठतो. छत आणि पट्टीमधली फट ॲक्रिलिक सीलंटने बंद करावी.

पहिला हात पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शन रंगाचा, थोडे पाणी घालून पातळ केलेला द्यावा. त्याचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. हा हात देताच कागदावर जागोजागी फुगे उठलेले दिसतात आणि नवखा माणूस घाबरतो. कागद पुन्हा भिजल्याने ते आलेले असतात आणि वाळताना बहुतेक आपोआप बसतात. ओले असताना ते टोचू नयेत. पूर्ण वाळल्यावरही जो फुगा उरेल, त्याला सुरीने फुलीसारखा छेद देऊन आत खळ भरावी आणि दाबून बसवावा. त्यानंतर नेहमीचे दोन हात. चमक नसलेला मॅट रंग दोष कमी दाखवतो. चमकदार रंगावर उजेड परावर्तित होतो आणि उरलेले उंचसखल पुन्हा दिसते.

जर्मनीतला भाऊबंद

जर्मनीत याच कामासाठी लाकडाचे बारीक कण मिसळलेला खरखरीत कागद प्रसिद्ध आहे. त्याला तिथे ‘राउफाझर’ म्हणतात. तो १८६४ मध्ये हुगो एरफुर्ट यांनी तयार केला. तिथल्या असंख्य भाड्याच्या घरांत पांढरा रंग दिलेला हा कागद दिसतो. अलीकडे कृत्रिम तंतू मिसळलेले, न विणलेल्या कापडासारखे अस्तरही मिळते. ते भिजून फुगत नाही, त्यामुळे खळ कागदाला न लावता थेट भिंतीला लावतात आणि कोरडी पट्टी त्यावर बसवतात. नवख्यांना ते सोपे पडते, पण साध्या कागदापेक्षा महाग असते.

महाराष्ट्रात कागद की पुट्टी?

महाराष्ट्रातील आजच्या बहुतेक घरांत विटांवर किंवा काँक्रीटवर सिमेंट-वाळूचा गिलावा असतो. त्यावर पुट्टीचे दोन हात, घासणे, प्रायमर आणि रंग हा क्रम रंगाऱ्यांच्या हातात बसलेला आहे. पुट्टी भिंतीचाच भाग बनते, तिला सांधे नसतात आणि दमट हवेत कागदासारखी ती फुगत नाही. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात बाहेरच्या भिंती महिनोन्‌महिने ओल धरतात. तिथे कागदाचे अस्तर लवकर सुटण्याचा आणि बुरशी धरण्याचा धोका मोठा आहे.

पण मूळ नियम दोन्हींना सारखाच. लोणा लागलेल्या भिंतीवर, म्हणजे ओलीबरोबर क्षार बाहेर येऊन पांढरी बुरी धरलेल्या भिंतीवर, पुट्टीही टिकत नाही. पुढच्या पावसाळ्यात ती पोपड्यांनी गळते. दरवर्षी त्याच कोपऱ्याला पुट्टी लावून रंग देणाऱ्या घरात खर्च रंगावर होत राहतो आणि गळका पाइप किंवा गच्चीची भेग तशीच राहते.

ब्रिटनमध्ये जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबाला हाच प्रश्न उलट बाजूने पडतो. नुकताच अस्तर लावून पांढरा रंग दिलेली खोली छान दिसते, पण त्या कागदामागे काय आहे ते दिसत नाही. अशा वेळी भिंत ठोकून पाहणे, जमिनीलगत हात लावून थंड-ओलसर लागते का ते पाहणे आणि घराच्या तपासणीत ओलीबद्दल स्पष्ट विचारणे उपयोगी पडते. भाड्याच्या घरात कागद लावण्याआधी किंवा काढण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी.

नीट तपासलेल्या, कोरड्या आणि घट्ट भिंतीवर लावलेला हा कागद अनेक वर्षे टिकतो आणि पुन्हा पुन्हा रंगवता येतो. कधी काढायचा झालाच, तर वाफेने मऊ करून तो निघतो आणि खालचा जुना गिलावा बहुतांशी शाबूत राहतो. पुट्टीच्या तुलनेत हा त्याचा खरा फायदा आहे.